आठ हातांच्या बाईला बसायला जागाच नव्हती

मागच्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता दांडिया बाजारातल्या ओळखीच्या एका मंडळातले काका माझ्याकडे आले, म्हणाले आठ मार्चचा कार्यक्रम आहे, स्टेजच्या मागे लावायला फ्लेक्स करून दे, आठ बाय बारा. काय पाहिजे विचारलं तर त्यांच्या डोक्यात सगळं तयार होतं. "अगं, स्त्रीशक्ती दिसली पाहिजे. आठ हात काढ. एका हातात लॅपटॉप, एकात लाटणं, एकात बाळ, एकात स्टेथोस्कोप, मग ते झाडू, पुस्तक, गाडीची किल्ली, आणि एक हात आशीर्वादाचा." मी काढलं. एका संध्याकाळीच झालं, कारण असल्या आठ हातांच्या बायका नेटवर ढिगाने मिळतात, आपण फक्त साडीचा रंग बदलायचा. रंग गुलाबी. रावपुऱ्यात ज्यांच्याकडे फ्लेक्स काढते ते भाई फाईल उघडायच्या आधीच म्हणाले, "बेन, लेडीज माटे छे तो पिंक ज राखो ने."

घरी आईने स्क्रीनवर बघितलं. चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाली, "हात आठ काढलेस, बसायला काही दिलं नाहीस तिला."

मी बडोद्यात पंधरा वर्षं हेच काम करते, लग्नपत्रिका, मेनूकार्ड, बँकेची कॅलेंडरं, गरब्याचे पास. तोपर्यंत मला वाटायचं की बाई म्हणजे अशी आणि पुरुष म्हणजे तसा ही चित्रं जाहिरातवाले मुद्दाम करतात, आपण आपलं साधं काम करतो. पण त्या आठ हातांत मी मुद्दाम असं काहीच केलं नव्हतं. मी काही ठरवलंच नव्हतं, आणि आपण ठरवलं नाही की जे आपोआप येतं ना, गडबड तिथेच आहे. हा लेख त्याबद्दलच आहे, डिझाईनमधून हे साचे कसे तयार होतात आणि डिझाईननेच ते कसे मोडता येतात.

आधी शब्द घेऊ. आपण सहज म्हणतो ना "स्टिरिओटाईप", तो शब्द मुळात आमच्या धंद्यातला आहे, छापखान्यातला. आधी एकेक खिळा, म्हणजे धातूचं एकेक अक्षर, जुळवून पान तयार करायचे, पण तेच पान पुन्हा छापायचं तर खिळे अडकून पडायचे, म्हणून जुळवलेल्या पानाचा साचा काढून त्यात धातू ओतायचे आणि अख्ख्या पानाची एक सलग प्लेट करायचे. खिळे मोकळे आणि प्लेट कायमची, हव्या तितक्या प्रती काढा, पुन्हा जुळवायला नको. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधल्या फिर्मां दिदो नावाच्या छपाईवाल्याने याला हे नाव दिलं. पुढे १९२२ मध्ये वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने तोच शब्द डोक्यातल्या चित्रांसाठी वापरला, म्हणजे माणूस समोर यायच्या आधीच आपल्याकडे त्याची प्लेट तयार असते. मराठीत आपण "साचेबद्ध" म्हणतो तेही तेच की. आणि प्लेटची गोष्ट अशी, की तिच्यात एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी धातू कापावा लागतो, खिळ्यांसारखं एक उचलून दुसरं ठेवता येत नाही.

आता बडोद्याच्या माणसाला साचा म्हटल्यावर लांब जायची गरजच नाही, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात फत्तेसिंह म्युझियममध्ये जा. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून पुराणातली चौदा चित्रं करून घेतली होती, त्यांच्या इतर चित्रांबरोबर ती तिथे बघायला मिळतात. रविवर्म्याने पुढे १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचा छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या रंगीत लक्ष्मी-सरस्वती अख्ख्या देशात घराघरात भिंतीवर लागल्या. चित्रं सुंदरच आहेत, मला वाद घालायचा नाही, आणि ज्यांना देवळात जाऊ देत नव्हते त्यांच्या घरात या छापांमुळे देव आला हेही खरं. पण बघा काय झालं, गोरी, गोल चेहऱ्याची, मान जराशी कललेली, नजर मऊ, नीट चापून नेसलेली साडी, ही एक बाई लाखो वेळा छापली गेली आणि "चांगली बाई" म्हटल्यावर डोळ्यासमोर तीच यायला लागली. तिच्याच नाती-पणती कॅलेंडरवर, अगरबत्तीच्या पुड्यावर, साबणाच्या वडीवर. आणि माझ्या फ्लेक्सवर. मी नेटवरून उचललेल्या त्या बाईची मानसुद्धा डावीकडे कललेली होती, नंतर मोजून बघितलं.

मान कलण्यावरून आठवलं, अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात शेकडो जाहिरातींचे फोटो शेजारी शेजारी ठेवून हेच बघितलं होतं. पुरुष वस्तू मुठीत घट्ट धरतो आणि बाई तिला नुसती बोटं लावते. पुरुष उभा, बाई बसलेली नाहीतर आडवी. दोघं असतील तर तो उंच, तो काहीतरी दाखवतोय आणि ती बघतेय. एकेक फोटो बघा, काही वाटणार नाही, छानच वाटेल. शेजारी शंभर ठेवले की मग दिसतं. तुम्ही आज घरी जाताना होर्डिंगं बघत जा आणि फक्त हात बघा, कोण काय धरतंय, एवढंच. (गाडी दुसऱ्याला चालवायला द्या पण.)

आता खरा अवघड भाग. चित्रात बाई कशी दाखवलीय हे तरी दिसतं, पण जिथे ती नाहीच आहे तिथे काय? संडासाच्या दारावरची चिन्हं घ्या. आज जगभर चालतात ती चिन्हं १९७४ मध्ये अमेरिकेत तिथल्या वाहतूक खात्यासाठी तयार झाली, कुक आणि शानोस्की या जोडीने काढलेली, कुणीही फुकट वापरा अशी दिलेली, म्हणून सगळीकडे पसरली. पुरुष म्हणजे गोल डोकं आणि सरळ अंग. बाई म्हणजे तेच, वर फ्रॉकचा त्रिकोण. आमच्या आजीने जन्मात फ्रॉक घातला नाही पण स्टेशनवर बरोबर त्या दारातच जायची. म्हणजे चिन्ह काम करतं, तक्रार नाही. तक्रार दुसरीकडे आहे. तो सरळ अंगाचा पुरुष संडासाच्या दारावर "पुरुष" असतो, पण तोच लिफ्टमध्ये, जिन्यावर, आग लागली तर पळायच्या पाटीवर, रस्ता ओलांडायच्या सिग्नलवर "माणूस" असतो. फ्रॉकवाली मात्र सगळीकडे फक्त बाई. म्हणजे माणूस म्हटला की तो, आणि बाई म्हणजे माणसाला वर काहीतरी चिकटवलेलं. हे कुणी बसून ठरवलेलं नाही, पण रोज शंभर वेळा डोळ्यात जातं.

आणि इथे मला आमच्या बडोद्याची एक बाई सांगितल्याशिवाय राहवत नाही. हंसा मेहता. विद्यापीठाच्या लायब्ररीला त्यांचं नाव आहे, आम्ही कॉलेजात असताना "हंसा मेहताला भेटू" म्हणायचो आणि कोण होत्या ते कुणालाच माहीत नसायचं. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता तेव्हा त्या भारताकडून त्या समितीवर होत्या, आणि पहिल्या कलमाच्या मसुद्यात होतं "ऑल मेन", म्हणजे सगळे पुरुष. बाकीच्यांचं म्हणणं की त्यात बायका आल्याच की. हंसाबेन म्हणाल्या असं नाही चालणार, आणि १९४८ ला जाहीरनामा आला तेव्हा तिथे होतं "ऑल ह्यूमन बीइंग्ज". एक शब्द बदलला. त्याच पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या आणि १९५० मध्ये त्यांच्याच काळात फाईन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली, जिथे मी शिकले. सिग्नलवरच्या त्या माणसाचं दुखणं अगदी हेच आहे, फक्त तिथे शब्दाऐवजी चित्र आहे.

सिग्नल बदलून बघितलेत लोकांनी. व्हिएन्नात २०१५ मध्ये जोड्या आल्या, त्यात दोन बायका, दोन पुरुष अशाही. मेलबर्नला २०१७ मध्ये बाईचे दिवे लागले. आपल्याकडे २०२० मध्ये मुंबईत दादरला लागले, तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरलेले जोक आठवत असतील. यावर लगेच प्रश्न येतो आणि तो बरोबर आहे, की बाई दाखवायला परत फ्रॉकच घातलात ना? म्हणजे साचा मोडायला साचाच वापरला. माझं मत विचाराल तर सुरुवातीला तेवढं खपवून घ्यावं, कारण आधी दिसणं महत्त्वाचं, पण तिथेच थांबलं तर मात्र नुसती सजावट.

याचंच दुसरं रूप तुमच्या फोनमध्ये आहे, इमोजी. काही वर्षांपूर्वीपर्यंत पोलीस, मजूर, डिटेक्टिव्ह सगळे फोनवर पुरुष दिसायचे आणि बायका काय करायच्या तर नाचायच्या, नवरी व्हायच्या, केस कापून घ्यायच्या, नखं रंगवायच्या. २०१६ मध्ये गुगलच्या काही लोकांनी प्रस्ताव दिला आणि शास्त्रज्ञ, शेतकरी, मेकॅनिक, वेल्डर अशा बायका आल्या. कसं केलं ते मजेशीर आहे. बाईचं चित्र, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग लॅपटॉपचं चित्र, फोन ही तीन एकत्र वाचतो आणि कॉम्प्युटरवाली बाई दाखवतो. पान्हा जोडला की मेकॅनिक, भाताची पेंढी जोडली की शेतकरीण. आणि ते न दिसणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, आपण मराठीवाले आधीपासून वापरतो! काही कीबोर्डवर "दऱ्या", "सुऱ्या" मधला तो भुवईसारखा र काढायला तेच लागतं. पण पोलिसाचं काय केलं, तर पोलिसाला ते जोडचिन्ह आणि बाईची खूण चिकटवली, म्हणजे परत तेच, खूण नसलेला पोलीस बहुतेक फोनवर पुरुषच. २०१९ च्या आसपास कंपन्यांनी खूण नसलेली चित्रं बाई की पुरुष ते कळणार नाही अशी काढायला सुरुवात केली, तेव्हा कुठे मुळातला साचा हलला.

गुलाबीचं लवकर आटपते. अमेरिकेत १९१८ मध्ये कपड्यांच्या धंद्याच्या एका मासिकात चक्क छापलं होतं की गुलाबी ठसठशीत रंग म्हणून मुलांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना. म्हणजे आज जे निसर्गाने दिल्यासारखं वाटतं ते शंभर वर्षांपूर्वी उलटं होतं. आणि बुंदेलखंडात २००६ मध्ये संपत पाल यांच्या गुलाबी गँगच्या बायका गुलाबी साडी नेसून हातात लाठी घेऊन निघाल्या तेव्हा त्या रंगाला कुणी नाजूक म्हटलं नाही. दोष रंगाचा नाही हो, विचार न करता उचलण्याचा आहे. हे मी भाईंना सांगितलं तर म्हणाले बरोबर छे, पण गुलाबी शाई जास्त मागवलीय ती संपवायची आहे.

आता पोस्टर. साचा मोडणारं डिझाईन म्हटलं की लोकांना पोस्टरच आठवतं, आणि सगळ्यात जास्त आठवतं ते अमेरिकेतलं दंड दाखवणाऱ्या बाईचं, लाल रुमाल, निळा शर्ट, "वी कॅन डू इट". ते १९४३ चं, जे. हॉवर्ड मिलर नावाच्या माणसाने वेस्टिंगहाऊस कंपनीसाठी काढलेलं, आणि ते कंपनीच्या कारखान्यात जेमतेम दोन आठवडे लागलं होतं. कामगारांनी नीट काम करावं म्हणून. स्त्रीमुक्तीशी तेव्हा काही संबंध नाही, लोकांनी १९८० च्या दशकात ते उचललं आणि अर्थ नवीन भरला. म्हणून कुणी क्लायंट "तसं काहीतरी कर" म्हणाला की मला हसू येतं.

मुद्दाम साचा मोडायला काढलेलं म्हणाल तर गुरिल्ला गर्ल्सचं. न्यूयॉर्कच्या बायका, गोरिलाचे मुखवटे घालून फिरायच्या, नावं कुणाला सांगायच्या नाहीत. १९८९ मध्ये त्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेल्या आणि चक्क मोजलं, आधुनिक कलेच्या दालनात चित्रकार बायका किती, तर पाच टक्क्यांहून कमी, आणि नग्न चित्रांमध्ये बायका किती, तर पंच्याऐंशी टक्के. मग एका प्रसिद्ध चित्रातली आडवी पडलेली नग्न बाई घेतली, तिच्या डोक्यावर गोरिलाचं तोंड लावलं, आणि विचारलं, बाईला म्युझियममध्ये जायला कपडे काढावे लागतात का? बास. मला यातलं आवडतं ते हे की आरडाओरडा नाही, दोन आकडे आणि एक ओळखीचं चित्र. लोक चित्र ओळखतात म्हणून थांबतात, आणि थांबले की आकडा वाचतात. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यूएन वीमेन या संस्थेने असंच केलं, बाईचा चेहरा आणि ओठांच्या जागी गुगलचा सर्च बॉक्स, "बायकांनी नये" असं टाईप केल्यावर गुगल पुढे जी वाक्यं सुचवायचं ती. वाक्यं त्यांनी लिहिली नव्हती, आपणच सगळे टाईप करत होतो.

पण पोस्टर बघून लोक वा म्हणतात आणि घरी जातात. माझा जीव अडकतो तो कुणी बघतही नाही अशा डिझाईनमध्ये. शाळेच्या पुस्तकातलं कोपऱ्यातलं चित्र, फॉर्मवरची रिकामी जागा. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले तेव्हा केवढी चर्चा झाली, भाजी निवडण्यावरून! महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून पुढे जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लिहिणं सक्तीचं झालं, म्हणजे कुणीतरी बसून त्या फॉर्ममध्ये एक रेघ वाढवली असणार, तेही डिझाईनच आहे, आणि मला विचाराल तर कुठल्याही पोस्टरपेक्षा मोठं. जाहिरातींसाठी आपल्याकडे ॲस्की म्हणून संस्था आहे, तिने जून २०२२ मध्ये याबद्दल नियम काढले, त्यातला मुद्दा साधा आहे: बाई झाडू मारताना दाखवायला हरकत नाही, पण झाडू मारणं हे फक्त बाईचंच काम किंवा बाईला एवढंच येतं असं सुचवायचं नाही. यात फरक कसा ओळखायचा? मी एकच करते, चित्रातल्या बाईच्या जागी पुरुष ठेवून बघते. नुसतं वेगळं वाटलं तर ठीक. हसू आलं तर समजायचं की आपण प्लेट उचललीय.

लग्नपत्रिकेचं उदाहरण द्यायलाच हवं कारण माझं अर्धं पोट त्यावर चालतं. मुलगा "चि.", मुलगी "चि. सौ. कां.", म्हणजे त्याला नुसतं दीर्घायुष्य आणि तिला त्याच्यावर अवलंबून असलेलं सौभाग्य, हे मजकुरातच. वर हल्ली कार्टून लागतं, नवरी नवऱ्याच्या टायला धरून ओढतेय, खाली लिहिलंय "गेम ओव्हर". विनोदी म्हणून. माझ्या मामेबहिणीच्या पत्रिकेवर मी दोघांना ॲक्टिवावर बसवलं, ती चालवतेय, तो मागे आहेराची पिशवी धरून बसलाय. ती तशीही रोज मांजलपूरहून अलकापुरीला ॲक्टिवावरच जाते आणि त्याला गाडी चालवता येत नाही, म्हणजे मी काही क्रांती केली नव्हती, जे आहे ते काढलं. मामा बराच वेळ बघत राहिले. "हा मागे बसणार?" मी म्हटलं, "मामा, मग पडेल ना तो." छापली. दोघांनाही "चि." लावायचं मात्र मामींनी होऊ दिलं नाही, आणि तिथे मीही हट्ट केला नाही, एका पत्रिकेत एकच भांडण परवडतं.

तर तो फ्लेक्स. आईचं बोलणं ऐकून मी दुसरं चित्र काढलं. बाईला दोनच हात, वेताची खुर्ची, पाय समोरच्या स्टुलावर, हातात चहाचा कप, केस थोडे विस्कटलेले, मान सरळ. मागे फिका पिवळा रंग. काकांना दोन्ही दाखवली. काका म्हणाले, "अगं पण ही काहीच करत नाहीये."

"हो."

"मग यात शक्ती कुठेय?"

मी काही बोलले नाही. त्यांनी दोन्ही फायली कमिटीला पाठवल्या. कमिटीने स्टेजसाठी आठ हातांची पास केली, एकमताने, गुलाबीसकट. खुर्चीवालीचं काय करायचं म्हणून मग ती चहाच्या कुपनावर छापली, व्हिजिटिंग कार्डाएवढी, दोनशे. कार्यक्रम झाला, भाषणं झाली, आणि शेवटी चहावाला काकांकडे वैतागून आला, की कप गेलेत एकशे सत्तर आणि कुपनं आलीत चाळीस, बायका कुपन दाखवतात आणि परत पर्समध्ये टाकतात, आता हिशोब कसा लावायचा सांगा.